शनी अमावस्येला कापलेली वेणी

केस कापायला मी आधी पार्लरमध्येच गेले होते. तिथल्या बाईने माझी वेणी हातात घेतली, वजन करावं तशी वर-खाली केली आणि म्हणाली, "अय्या, एवढे सुंदर केस! कापायला तुमचा जीव तरी कसा होतो हो?" माझं डोकंच फिरलं. केस माझे, डोकं माझं, आणि हळहळ हिची. मी म्हणाले, "तुम्ही पैसे कापायचे घेता का सल्ल्याचे?" आणि गळ्यात बांधलेलं फडकं सोडून तडक बाहेर पडले. म्हणून तो सगळा उद्योग घरी झाला, आणि घरी झाला म्हणून पुढचं सगळं झालं. त्या पार्लरवालीला मी अजून माफ केलेलं नाही.

केसांशी माझं वैर जुनं. मला पाहायला आले तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी पोहे खाऊन हात पुसले, माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि मला वेणी सोडायला लावली. नुसती सोडून भागलं नाही. गंगावन तर नाही ना म्हणून दोनदा ओढून पाहिली. माझी आई समोर बसून हसत होती. सासूबाई म्हणाल्या, "खरे आहेत," आणि लग्न ठरलं. पुढे एकवीस वर्षं त्या घरात मी काय रांधलं, कोणाची दुखणी काढली, हे कोणी कोणाला सांगितलं नाही. पाहुणा आला की मात्र, "आमच्या सुनेचे केस बघा, कमरेखाली आहेत." मूल झालं नाही, तेव्हा माझ्यात दाखवण्यासारखं तेवढंच उरलं. इंचभर कापायचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, "मग राहिलं काय तुझ्यात?" भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज म्हणायचा.

ते घर मी सोडलं. का सोडलं ते इथे सांगत बसत नाही. एकवीस वर्षांत कारणं कमी नव्हती, धाडस कमी होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन पिशव्या आणि एक ट्रंक घेऊन बाहेर पडले आणि नाशकात खोली शोधायला लागले. एकट्या बाईने खोली शोधून बघावी, म्हणजे आपले लोक किती सुसंस्कृत आहेत ते कळतं. "मिस्टर काय करतात?" "मिस्टर नाहीत." "म्हणजे... वारले?" "नाही, आहेत. त्यांच्या घरी आहेत." एवढं ऐकलं की खोली परवाच कोणाला तरी दिलेली असायची. वारले म्हटलं असतं तर निदान चहा मिळाला असता. अशा चौदा खोल्या पाहिल्या. पंधरावी मिळाली, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. एक खोली, एक ओटा, मागे न्हाणीघर. दिवसभर चौकातल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे. पण दाराला आतून कडी होती आणि ती लावायची की नाही हे मी ठरवणार होते. ती खोली गेली असती तर मला जायला जागा नव्हती. भावाने आधीच सांगून टाकलं होतं, "चार दिवस ये, पण राहायला येऊ नकोस."

घरमालकीण कळवणकडची. ती, तिचा नवरा, मुलगा आणि सून असे चौघं वर राहायचे. बाई साठीची, अंगाने थोराड आणि तोंडाने त्याहून थोराड. मी एका दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, एवढ्यावरून तिने मला 'मॅडम' करून टाकलं. पण ते 'मॅडम' अशा सुरात, की त्यापेक्षा शिवी परवडली. मी किती वाजता येते, पिशवीत काय आणते, माझ्या दारात कोणाच्या चपला आहेत, सगळं वरच्या कठड्यावरून टिपलं जायचं. पहिल्याच आठवड्यात मला ऐकू जाईल अशा बेताने तिने सुनेला बजावलं, "तिच्याकडं जायचं नाय. सोडून आलेली बाई हाय. लेकरू नाय, बाळ नाय. अशीची सावली बरी नसती." सुनेच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिलाही मूल नव्हतं. त्याचं खापर फोडायला एक डोकं हवंच होतं. माझं आयतं खाली राहायला आलं.

सून घोटीची. तेवीस वर्षांची, बारीक, चटकन हसणारी. सासू देवळात गेली की ही जिना उतरून माझ्याकडे. मला 'ताई' म्हणायची. चहा प्यायची आणि एकाच गोष्टीवर बोलायची: कॉलेज. बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नामुळे राहून गेलं होतं. तीन वर्षं मिनतवाऱ्या करून तिने घरच्यांचा होकार मिळवला होता आणि जूनपासून जायचं ठरलं होतं. विषय कोणते, बस कोणती, डबा किती वाजता करायचा, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की तिचं टाइमटेबल मलाच पाठ झालं. मी म्हणायचे, "जायचंच. कोण अडवतंय बघू आपण." म्हणे बघू! मोठी आली होती लढणारी.

त्या उन्हाळ्यातली शनी अमावस्या. मालक-मालकीण शनीला तेल वाहून तिथूनच कळवणला मुक्कामाला गेले होते. मुलगा अंबडच्या कंपनीत लागोपाठच्या पाळ्यांवर, रविवारी दुपारपर्यंत यायचा नव्हता. आमच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता. मी ट्रंकेतून शिवणाची कात्री काढली आणि चहा प्यायला आलेल्या सुनेला म्हणाले, "बस. आज हिचा निकाल लावायचाय."

"आज? अहो ताई, शनिवार, त्यात अमावस्या! आज कोणी नखंसुद्धा कापत नाही."

"म्हणूनच आज. सोमवार पाळला, शनिवार पाळला, एकादशी पाळली. काय दिवे लागले?"

मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहून ठेवला होता. त्यात एक गोरीगोमटी बाई हसत हसत सांगत होती, की नवे केस म्हणजे नव्या तुम्ही, बदलाला मिठी मारा. तिच्यामागे चार आरसे होते आणि तिचे स्वतःचे केस नक्की दुसऱ्याच कोणी तरी कापलेले होते. इथे एक आरसा, तोही वीतभर, न्हाणीत खिळ्याला टांगलेला. मागे माझा हात पुरेना. शेवटी सुनेने कात्री घेतली. आधी तिने वेणीला वर आणि खाली लाल लोकर घट्ट बांधली, केस सुटून घरभर उडू नयेत म्हणून. घरात केस उडाले की भांडणं होतात, असं तिची आई म्हणायची. मग कापायला लागली. कात्री कापडाची, केस तिला दाद देईनात. कर्र कर्र करत पाच-सहा मिनिटं गेली आणि एकदम माझी मान पुढे झुकली. वेणी तिच्या हातात होती, आकडे-बिकडे अजून तसेच अडकलेले. ती घाबरून म्हणाली, "ताई, तुटली." मी म्हणाले, "तुटली नाही, सुटली." आणि मग दोघींना असं हसू लोटलं की शेजारच्या भिंतीवर कोणी तरी थाप मारली.

नंतर मेंदी. आदल्या रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली होती, त्यात चार लिंबं पिळली, बीट किसून त्याचा रस घातला. मला तांबूस-काळा रंग हवा होता. माझे निम्मे केस पांढरे. त्यांनी तो रंग असा काही धरला की विचारू नका. डावी बाजू कानाच्या वर, उजवी कानाच्या खाली, मागे उंदराने कुरतडल्यासारखं, आणि कपाळावर केशरी जाळ. कपाळ माझं! आरशात बघितल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मान हलकी लागत होती आणि मी ती उगाच इकडून तिकडे वळवून बघत होते.

"ताई, मला पण एक बट," सून म्हणाली.

"सासू जीव घेईल."

"दिसणार नाही अशी. मागे, मानेपाशी. आतली."

तिच्या काळ्याभोर केसांवर मेंदी चढेना. तिच्याकडे चेहऱ्याला लावायचं ब्लीच होतं, कोणाच्या तरी लग्नातलं उरलेलं. चेहऱ्याचं ब्लीच केसांना फासायची अक्कल कोणाची ते आता आठवत नाही, बहुतेक माझीच. तासाभराने ती बट पितळेसारखी झाली, वरून मेंदी लावल्यावर गाजरासारखी. अंबाडा घातला की पार आत जायची. ती अंबाडा सोडायची, हातातल्या आरशात बट बघायची आणि पुन्हा अंबाडा घालायची. असं तिने दहा वेळा केलं. "जूनमध्ये कॉलेजात अंबाडा नाही घालणार," म्हणाली.

कचरा तिने आवरला. वेणी, पिळलेली लिंबं, बिटाचा लाल चोथा, सगळं एका वर्तमानपत्रात गुंडाळलं. कापलेले केस वाईट माणसाच्या हाती लागू नयेत म्हणून पुडक्यावर तीनदा थू थू केलं आणि ते जिन्याखाली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. सकाळी घंटागाडी आली की टाकू, असं ठरलं. रात्री कुत्र्याने ते पुडकं फोडलं.

रविवारी आठाच्या सुमाराला मी किंकाळीने उठले. मालकीण कळवणहून परतली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर लाल लोकरीने बांधलेली हातभर लांब वेणी, तिच्यात अडकलेले टोकदार आकडे, आजूबाजूला पिळलेली लिंबं आणि लालभडक चोथा. आदला दिवस शनी अमावस्येचा. करणीला काय काय लागतं याची कोणी यादी करून सामान मांडलं असतं, तरी इतकं नेमकं जमलं नसतं. आणि ती वेणी कोणाची हे विचारायचीही गरज नव्हती. त्या गल्लीत तेवढे लांब केस एकाच बाईचे होते.

मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून बाहेर आले. तोवर गल्लीतल्या सात-आठ बाया फाटकाशी जमल्या होत्या. मालकीण मला बघून दोन पावलं मागे सरली. 'मॅडम' कुठल्या कुठे गेलं.

"ए बाई! कोणासाठी उतरवलं हे? माझ्या सुनेच्या कुशीसाठी ना? तिची कूस बांधली ना तू?"

"काय बोलताय? केस कापले मी माझे. मेंदी लावली. लिंबं मेंदीतली आहेत."

"अवसेला? शनिवारी? कोणती बाई अवसेला केस कापती?"

मी स्कार्फ काढला. म्हटलं, बघा एकदाच्या. फाटकाशी एक जण फिस्सकन हसली, दुसरीने तोंडावर हात ठेवला. मालकीण मात्र हसली नाही. ती म्हणाली, "देवा! हिनं तर अंगावरच घेतलंय." असल्या माणसापुढे पुरावा ठेवून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिने कळवणला भावाला फोन लावला आणि भावाने तिथल्या कोणा भगताला. फोन स्पीकरवर. भगताने वेणीला गाठी किती, लिंबं किती, सगळं विचारून घेतलं आणि घसा खाकरून सांगितलं, "एकटीचं काम नाय हे. दोघी हायेत. गाठ दुसरीच्या हातची हाय. ती दुसरी शोधा." त्या भगताचं आयुष्यात तेवढं एकच बरोबर आलं असेल.

"बोल, कोण व्हती दुसरी?" मालकीण म्हणाली. "मागून वेणी तू कापशील एक येळ, पण सोताच्या मानेमागं अशी गाठ बांधता येत नाय. नाव सांग. नायतर आजच्या आज खोली खाली कर."

मी म्हणाले, "कायदा आहे या असल्या आरोपांसाठी. पोलिसात जाईन मी."

तिचा नवरा बाजूलाच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "जा ना. पण खोली आमची हाय. सामान आमी काढू." माझ्याकडे कागद-बिगद काही नव्हता. सगळा व्यवहार तोंडी.

सून जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होती. तिच्या हातात गोमूत्राची वाटी होती. सासूने आल्या आल्या तिला शिंपडायला लावलं होतं आणि ती माझ्या उंबऱ्यावरसुद्धा शिंपडून गेली होती, मान वर न करता. मी तिच्याकडे बघितलं. अगदी उघड बघितलं नाही, पण बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल, की ताईंनी मेंदी भिजवलेली मी पाहिली होती. मला मदत केली असं म्हण, असं माझं म्हणणं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

सासूनेच तिला विचारलं, "तू व्हतीस ना काल घरात? काय दिसलं का तुला?"

"मी झोपले होते आई," ती म्हणाली.

ठीक आहे. घाबरली असेल, कॉलेज डोळ्यांसमोर असेल, मी समजू शकत होते. तिथेच थांबली असती तर मी आज वेगळं काही लिहिलं असतं. पण ती थांबली नाही. सासू तिच्याकडे बघतच राहिली, तशी ती हळूच म्हणाली, "पण खालून काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. बराच वेळ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुटपुटणं! आम्ही हसत होतो, गं. तू आणि मी. भिंतीवर थाप येईपर्यंत हसत होतो. मी चार पायऱ्या कशा चढले मला माहीत नाही. तिचा खांदा धरून तिला वळवलं, अंबाड्याचा चाप खेचून काढला आणि केस वर उचलून तिची मान सगळ्यांसमोर धरली. ती केशरी बट उन्हात अशी काही झळकली की फाटकाजवळच्यांनासुद्धा दिसली.

"ही घ्या तुमची दुसरी," मी म्हणाले. "वेणी हिने कापली. गाठ हिने बांधली. थुंकली पण हीच. आता लावा भगताला फोन."

वाटी तिच्या हातातून पडली आणि पायऱ्यांवरून खाली गेली. सासूने एक मारली तिच्या तोंडात, मी अजून तिचे केस धरलेले असताना. तो धक्का माझ्या मनगटापर्यंत आला. तेव्हा मी केस सोडले.

आणि मग काय गंमत झाली बघा. मालकीण माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मॅडम, चुकलंच आमचं. बसा तुमी. उन्हात उभ्या राहू नका." सुनेच्या केसांतही तोच रंग बघून ही करणी नाही, मेंदीच आहे, हे पटल्यावर तिच्या जिवातला घोर गेला होता, आणि सून सापडली म्हणून तिला जो आनंद झाला तो तिला लपवता येत नव्हता. बाया पांगल्या. घंटागाडी आली. वेणी मीच उचलून टाकली. दुपारी वरून माझ्यासाठी ताट आलं, मालकीण स्वतः घेऊन आली. मांडे होते.

कॉलेज बंद झालं. त्यासाठी वेगळी बैठक-बिठक बसली नाही, त्याच संध्याकाळी कठड्यावरून ऐकू आलं, "घरात बसून हे धंदे सुचतात, ती बाहेर जाऊन काय दिवे लावील!" मोबाइल काढून घेतला. ती बट सासूने कात्रीने मुळापासून उडवली. मानेवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, ती कपडे वाळत घालताना मला खालून दिसली.

मी गेले होते बोलायला, नाही असं नाही. चार दिवसांनी वर गेले. मनात सगळं जुळवून नेलं होतं: बट माझ्यामुळे, ब्लीच माझ्या डोक्यातलं, पोरीचा दोष नाही, तिला कॉलेजला पाठवा. मालकिणीने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मॅडम, तुमी व्हत्या म्हणून कळलं. घरात काय चाललंय ते आमाला कुठं दिसतंय? तुमच्यासारखी शानी बाई खाली हाय, लय आधार हाय. आता कितीबी वर्षं राहा." सून आतून चहा घेऊन आली, कप ठेवला आणि आत गेली. मी तो चहा प्यायले. मनातलं म्हणाले का? अर्धं म्हणाले. "पोरगी हुशार आहे तशी," एवढं म्हणाले. मालकीण म्हणाली, "व्हय, लयच हुशार हाय," आणि मी तिथे थांबले. खोली मला हवी होती. सुनेने माझ्याविषयी खोटं सांगितलं होतं हेही मी विसरले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तेच बरं पडलं. राग असला की माणसाला लाज वाटत नाही.

केस नंतर मी स्वतःच सारखे केले. दोन आरसे लावून, दर महिन्याला थोडे थोडे. आता बरे दिसतात. रंग उतरला, पांढरे तसेच ठेवले. दवाखान्यात बाया विचारतात, कुठे कापता हो? मी सांगते, घरी. सगळ्यांना वाटतं काय हिंमत आहे बाईची.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात कळवणला मालकिणीच्या भाचीचं लग्न निघालं. नवरा-बायको आणि मुलगा, तिघं चार दिवसांसाठी गेले. सुनेला नेलं नाही. पाहुण्यांत मानेची ती जागा दिसली असती. निघताना मालकीण माझ्या दारात आली. "मॅडम, तुमच्या भरवशावर ठेवून चाललेय. तिला सांगितलंय, कुठं जायचं तर तुमाला विचारून." मी मान हलवली. त्यावर काय बोलणार होते? म्हणजे, बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. सून होती. त्या सकाळनंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. पायात चपला, हातात छोटी पिशवी. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मी म्हणाले, "आत ये ना." ती आली नाही.

"मॅडम, मेडिकलपर्यंत जाऊन येऊ का?"

मी हे कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. माझ्याकडे वेळ होता. घरात कोणी नव्हतं, कठड्यावर कोणी नव्हतं, आणि ऐकायला गल्लीतलं कुत्रंसुद्धा नव्हतं. मला विचारायचं नाही, जा कुठे जायचं तिकडे, असं म्हणता आलं असतं. माझी चूक झाली, असंही म्हणता आलं असतं.

"कशाला?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून, हळू आवाजात, कशाला ते सांगितलं. पाळी आली होती. घरातलं संपलं होतं.

"जा," मी म्हणाले. "आणि लवकर ये."

"हो," ती म्हणाली, आणि गेली. दहा मिनिटांत परत आली. आल्याचं सांगायला पुन्हा माझ्या दारात थांबली.